चार नंबरच्या डबीतला फासा

संभाव्यतेच्या कुठल्याही पुस्तकात पहिल्या दोन-चार पानांत एक वाक्य असतंच: एक निःपक्षपाती फासा घ्या. घ्या म्हणे! कुठून घ्या? दुकानात जाऊन असा फासा मागून बघा, दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघत राहील. बावीस वर्षं मी हाच विषय शिकवते आहे, आणि अजूनही हे वाक्य आलं की माझं डोकं फिरतं. कारण एकोणीस वर्षांची असताना ह्या एका वाक्यानं मला भर परीक्षेत खोटारडी ठरवलं होतं. त्या दिवशी माझी बाजू एकाही प्राध्यापकानं घेतली नाही. घेतली ती आमच्या लॅबच्या मावशींनी, आणि तीही चांगली कंबर कसून भांडून. म्हणून हे त्यांच्याबद्दल.

मावशी आमच्या संख्याशास्त्र विभागात प्रयोगशाळा परिचर होत्या. हा लांबलचक शब्द त्यांच्या ओळखपत्रावर होता, बाकी सगळ्या जगाला त्या मावशीच. ठेंगण्या, जाड भिंगांचा चष्मा, अंगात निळा कोट आणि कोटाच्या दोन खिशांत दोन फडकी, एक ओलं, एक कोरडं. फळा कोणी चुकून ओल्या फडक्यानं पुसला तर त्याची धडगत नसे. शिक्षण आठवीपर्यंत. आवाज मात्र असा, की तळमजल्यावरच्या शिपायाला हाक मारायला त्यांना फोन लागत नसे.

त्या आधी रसायनशास्त्रात होत्या. तिथं एका सरांच्या हातून महागडं काचेचं भांडं फुटलं आणि सरांनी बिनदिक्कत मावशींचं नाव पुढे केलं. प्राचार्यांनी माफीचा कागद तयार ठेवला होता. मावशींनी तो वाचला, परत टेबलावर ठेवला आणि म्हणाल्या, "फोडलं त्यांनी, काचा उचलल्या मी. काचा उचलल्याची माफी हवी असेल तर तसं लिहा, सही करते." ह्या उद्धटपणाची शिक्षा म्हणून त्यांची रवानगी आमच्याकडे झाली. तिथं फुटण्यासारखं काही नाही, असं प्राचार्य म्हणाले म्हणे. खरंच नव्हतं. आठ लांब टेबलं, एक फळा आणि एक लोखंडी कपाट. कपाटात पत्त्यांचे जोड, नाणी, रंगीत मण्यांच्या पिशव्या आणि सहा पत्र्याच्या डब्या. प्रत्येक डबीत एक फासा आणि तो खुळखुळवून टाकायला एक पेला.

सुट्टीत मुलं नसत, पण मावशींना रोजचे आठ तास भरावेच लागत. विणायला बसलं तर कामचुकार म्हणून बोलणी, डुलकी काढली तर त्याहून जास्त. फासे टाकायला मात्र कुठल्याच नियमात मनाई नव्हती. मग काय, मावशी फासे टाकत बसत. जुन्या प्रश्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर ताळ्याच्या खुणा करत, चार उभ्या रेघा आणि पाचवी त्यांच्यावरून आडवी. घरी नवरा चिडवायचा, "फासे टाकायचा पगार घेते ही बाई!" त्यावर मावशी म्हणायच्या, "तुम्ही फुकट बडबडता, मी निदान पगार घेऊन गप्प बसते."

वर्गाचं दार उघडं असे आणि कान मावशींचे तिखट. त्यामुळे शिकवलेलं त्यांच्याही कानावर पडे, आणि पटलं नाही तर त्या गप्प बसत नसत. पहिल्या वर्षी मला एक साधी गोष्ट कळत नव्हती. सगळ्या शक्यतांची बेरीज एकच का? दीड का नाही? मी लॅबमध्ये डोकं धरून बसले होते. मावशी टेबल पुसता पुसता म्हणाल्या, "अगं, एक चादर आहे नि खाली सहा पोरं झोपलीत. चादर काही वाढणार आहे का? एकानं जास्त ओढली की दुसऱ्याचे पाय उघडे पडणार. झालं!" माझी ट्यूब पेटली, ती आजतागायत विझलेली नाही. माझ्या वर्गात अजूनही तीच चादर चालते.

'किंवा' आलं की बेरीज, 'आणि' आलं की गुणाकार, असं घोकून आम्ही पेपर लिहायचो. मावशींना त्याचा राग यायचा. "ते दोघं वर्गात अधूनमधून उशिरा येणारे, माहितीयत ना?" त्या एकदा म्हणाल्या. "हा दहा दिवसांत एकदा उशिरा येतो, तो दहा दिवसांत एकदा. मग दोघं एकाच दिवशी उशिरा येणार शंभरात एकदा? तुमच्या गुणाकारानं तसंच येतं. आणि दोघं एकाच बसनं येत असले तर?" मग म्हणाल्या, "आधी विचारायचं, ह्याचा त्याच्याशी काही संबंध आहे का. नसला तर खुशाल गुणा. न विचारता गुणलंत तर तोंडावर पडाल."

तर अशा ह्या मावशींना चार नंबरच्या डबीतल्या फाशाची खोड त्या विभागात आल्यावर दुसऱ्याच सुट्टीत सापडली. बाकी पाच फासे सहा पोरांना चादर बऱ्यापैकी सारखी वाटून देत. हा मात्र सहा जरा जास्तच दाखवायचा. सहा वेळा टाकला तर एकदा सहा पडावा, ह्याचा चारांत एकदा, कधी त्याहून थोडा जास्त. कुठल्या तरी वर्षी कोणाच्या तरी हातून पडून त्याचा एक कोपरा दबला होता, बोट फिरवलं तर लागायचा. मावशींनी वर्षाअखेरीच्या साहित्य तपासणीत त्याच्या नावापुढे लिहिलं, 'सहाकडे झुकतो.'

आमच्या विभागप्रमुखांना मुलं 'सरासरी' म्हणत, कारण कुठलीही तक्रार घेऊन गेलं की त्यांचं एकच उत्तर, "सरासरी बघता ठीक आहे." सरासरींनी मावशींची ओळ खोडली आणि वर 'सुस्थितीत' लिहिलं. फासा वाईट म्हटला की नवा मागवायचा अर्ज, त्याच्या तीन प्रती, वर आणि इतकी वर्षं वाईट फासा कसा वापरला ह्याची चौकशी. कोणी सांगितलंय? मावशींना ते म्हणाले, "फासा झुकत नसतो, मावशी. निःपक्षपाती असतो. पुस्तकात दिलेलं आहे."

"मग पुस्तकालाच टाकायला सांगा," मावशी म्हणाल्या. दर वर्षी त्या ती ओळ लिहीत राहिल्या आणि दर वर्षी सरासरी ती खोडत राहिले. अकरा वर्षं.

आता माझं सांगते. माझी फी माफ होती, पण एका अटीवर. एकाही विषयात नापास व्हायचं नाही. नापास झाले की माफी बंद, आणि माफी बंद झाली की कॉलेज बंद. वडील लेथवर काम करायचे, त्यांच्या बोटांची दोन पेरं मशिननं घेतली होती आणि घरात शिकणारी मी एकटीच होते.

प्रात्यक्षिकाच्या जर्नलमध्ये एक प्रयोग असायचा. फासा एकशे वीस वेळा टाका, प्रत्येक आकडा किती वेळा पडला ते नोंदवा. आता खरं सांगायचं तर एकशे वीस वेळा फासा टाकत कोण बसतं? कॅन्टीनमध्ये दहा मिनिटांत काम व्हायचं. प्रत्येक आकडा वीसच्या आसपास ठेवायचा, कुठं एकोणीस, कुठं एकवीस, बेरीज तेवढी एकशे वीस करायची. पिढ्यान्‌पिढ्या हेच. मी त्या आठवड्यात तापानं फणफणले होते, म्हणून कॅन्टीनच्या बैठकीला नव्हते आणि मला कोणी काही सांगितलं नाही. मी फार मोठी सत्यवचनी होते असा कृपा करून गैरसमज नको. मला युक्ती ठाऊक नव्हती, एवढंच. मी दुपारभर लॅबमध्ये बसून चार नंबरच्या डबीतला फासा टाकला आणि पडलं ते लिहिलं. सहा चौतीस वेळा पडला होता.

परीक्षेच्या दिवशी बाहेरच्या कॉलेजमधून परीक्षक आले. उंच, कोरडे, पेनाचं टोपण दातांत धरून वही वाचणारे. आम्ही सतरा जण. सोळा वह्या भराभर झाल्या. माझ्या वहीवर ते थांबले.

"चौतीस?"

"हो सर."

"वीस अपेक्षित असताना चौतीस. हजारात जेमतेम एकदा होईल असं. आणि ते नेमकं तुमच्याच बाबतीत झालं?" त्यांनी टोपण पेनाला लावलं. "मनानं आकडे लिहायचे तर निदान अक्कल वापरून लिहावेत. ह्या प्रयोगाला शून्य. प्रात्यक्षिकात नापास."

मी म्हणाले, सर, मी खरंच टाकला. ते म्हणाले, सगळे असंच म्हणतात. मग सरासरींनी मला बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता, त्यांना माझ्या फीचं माहीत होतं. हळूच म्हणाले, "मी बोललोय त्यांच्याशी. चूक झाली म्हण, ते पान काढून टाक आणि अर्ध्या तासात नवीन लिहून दे. वीसच्या जवळपास ठेव म्हणजे झालं. वर्ष वाचेल तुझं."

मी कोपऱ्यातल्या टेबलाशी गेले. वही उघडली आणि ते पान धरलं. शिवणीपाशी वरून बोटभर फाटलंसुद्धा. मी रडत होते, रागानंही आणि भीतीनंही, पण फाडत होते. तेवढ्यात माझ्या मनगटावर एक ओला हात पडला.

"ठेव ते," मावशी म्हणाल्या. "डबी कुठली होती तुझी?"

"चार."

त्यांनी वही माझ्या हातातून काढून घेतली आणि सरळ परीक्षकांच्या टेबलावर नेऊन आपटली. "सर, ही पोरगी खोटं बोलत नाही. तुमचा हिशोब खोटं बोलतोय."

सरासरी धावले. "मावशी, तुम्ही बाहेर जा!"

"जाणार नाही. हाकलायचं असेल तर चार माणसं बोलवा." मग परीक्षकांकडे वळून म्हणाल्या, "हजारात एकदा म्हणालात. कधी? फासा सरळ असेल तर. फासा सरळ आहे हे कोणी बघितलं? तुम्ही बघितलंत? तुम्ही फाशाला न बघता पास केलंत आणि पोरीला न विचारता नापास."

परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. पण माणूस हुशार होता, वाक्य बरोबर जागी लागलं होतं. मावशी थांबल्या नाहीत. "आणि हजारात एकदा तुम्हाला एवढं खटकतं ना? मग बाकीच्या सोळांचं करा की गणित. सहा किती वेळा पडला ते वाचा. एकोणीस, वीस, एकवीस. वीस, वीस, एकोणीस. सोळाच्या सोळा! ए पोरी, फळ्यावर ये. रडणं नंतर."

मी डोळे पुसत फळ्यापाशी गेले. फासा सरळ असला तरी एकशे विसांत सहाची संख्या नेमकी एकोणीस ते एकवीसमध्ये यायची शक्यता दहात तीन, धरून चालू. सोळा जणांनी आपापला फासा वेगवेगळा टाकला, एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. म्हणजे गुणाकार. सोळा वेळा गुणायचं म्हणजे चार वेळा वर्ग करायचा. शून्य दशांश तीनचा वर्ग शून्य दशांश शून्य नऊ. पुन्हा वर्ग, पुन्हा वर्ग, पुन्हा वर्ग. उत्तर आलं साधारण तेवीस कोटींत एकदा.

सोळा जण जमिनीकडे बघत होते. परीक्षकांनी सोळा वह्या पुन्हा आपल्याकडे ओढल्या.

"ह्यांचं मी बघतो," ते म्हणाले. "पण ह्यांनी खोटं लिहिलं म्हणून हिनं खरं लिहिलं असं ठरत नाही."

"नाही ठरत," मावशी म्हणाल्या. "म्हणून मी तुमच्यासमोर टाकते. सहाशे वेळा. आधीच सांगून ठेवते, मनासारखं आलं तरी मध्ये थांबणार नाही आणि उलटं गेलं तरी थांबणार नाही. सहाशे म्हणजे सहाशे."

परीक्षकांनी त्यांच्याकडे पहिल्यांदा नीट बघितलं. "बसा," ते म्हणाले आणि स्वतः कागद घेऊन खुणा करायला लागले.

मावशींनी चार नंबरची डबी उघडली. मला वाटलं, सुटले. पण फासा पडायला लागला तशी माझी पाचावर धारण बसली. हा फासा झुकणारा असला तरी प्रत्येक वेळी थोडाच सहा दाखवणार होता! पहिले एकशे वीस झाले. सहा पडले सत्तावीस.

"सत्तावीस सरळ फाशालाही येऊ शकतात," परीक्षक म्हणाले. "एवढं इकडंतिकडं चालतं." सरासरी लगबगीनं म्हणाले, "बघा! मी म्हणत होतो ना, सरासरी बघता ठीक आहे. मावशी, पुरे आता."

"सहाशे म्हटलंय," मावशी म्हणाल्या.

मी त्यांच्या कानाशी जाऊन कुजबुजले, "आता भरून निघेल ना? आता जास्त पडतील ना?"

"भरूनबिरून काही काढत नसतो तो," मावशी पेला खुळखुळवत म्हणाल्या. "मागं काय पडलं ते त्याला कुठं ठाऊक? पडेल ते पडेल. बाजूला सर, उजेड अडतोय."

दुसऱ्या एकशे विसांत छत्तीस. तिसऱ्यात एकतीस. मावशींचा हात भरून आला तसा त्यांनी पेला डाव्या हातात घेतला. फासा एकदा टेबलाखाली गेला, तो पडलेला आकडा सहा होता, पण मावशी म्हणाल्या, "हा धरू नका, टेबलावर पडला तोच धरायचा." मला त्यांचा गळा दाबावासा वाटला. चौथ्यात अडतीस. शेवटच्या एकशे विसांत तेहतीस. पाऊण तास कोणी जागचं हललं नाही. ज्या सोळांचं पितळ उघडं पडलं होतं, तेसुद्धा टेबलाभोवती उभे राहून मोजत होते.

परीक्षकांनी खुणा दोनदा मोजल्या. सहाशेत एकशे पासष्ट. शंभर यायला हवे होते. त्यांनी फासा उचलला, चष्मा काढून डोळ्यांजवळ धरला आणि दबलेल्या कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. मग माझ्या वहीतलं शून्य खोडलं, पैकीच्या पैकी लिहिलं आणि खाली सही केली. मला म्हणाले, "चूक माझी होती." इतक्या मुलांसमोर असं म्हणणारा परीक्षक मी आधी बघितला नव्हता. सोळा जणांना त्यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावलं, फासा स्वतः टाकायला. त्यांतल्या बऱ्याच जणांनी पुढे वर्षभर माझ्याशी अबोला धरला. धरू देत!

उठता उठता परीक्षकांनी मावशींना विचारलं, "तुम्हाला हे किती दिवस माहीत होतं?"

"अकरा वर्षं झाली."

"आणि तरी तुम्ही हा फासा मुलांना देत राहिलात?"

"मी लिहून देत राहिले, हे खोडत राहिले," मावशींनी सरासरींकडे हनुवटी उडवली. सरासरी कपाटाकडे बघायला लागले. "नंतर मग मी बघायला लागले. साहित्य दिल्याच्या नोंदवहीत चार नंबरच्या डबीसमोर हिच्याआधी चौतीस पोरांनी सही केली. चौतीसच्या चौतीस वह्या मी कपाटात लावताना उघडून बघितल्यात. सगळ्यांचे आपले वीसच्या आसपास. त्या डबीतून पडलं ते लिहिणारी ही पहिली."

परीक्षकांनी मान हलवली आणि माझ्याकडे असं बघितलं, की माझ्या वडिलांनीही कधी तसं बघितलं नव्हतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते पान शिवणीपाशी बोटभर फाटलेलं होतं आणि वही त्यांच्या हाताखाली होती.

सगळे गेल्यावर मी मागे राहिले. मावशी खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवत होत्या. मी म्हणाले, "मावशी, मी फाडत होते."

"बघितलं की. म्हणून तर हात धरला."

"मग त्यांना तसं का सांगितलंत? मी पहिली वगैरे? तुम्ही आला नसतात तर मी पस्तिसावी झाले असते."

"झाली असतीस," त्या म्हणाल्या. "पण झाली नाहीस ना? झालं असतं नि झालं नसतं, ते मी कसं मोजू? टेबलावर पडतं तेवढंच मी मोजते." मग त्यांनी माझ्याकडे रोखून बघितलं. "पुढच्या वेळी हात धरायला मी असेनच असं नाही. आता ती खुर्ची उचल आणि वर ठेव, मला झाडायचंय."

मी खुर्ची उचलली.